स्वस्त किलोमीटरचा हिशोब

गाडी घ्यायची हे मनाशी आधी ठरलं होतं. हिशोब मागाहून मांडला. लोकांना मात्र मी उलटं सांगत आलो. "आकडेमोड करून पाहिली, परवडतंय म्हणून घेतली." आकडेमोड केली होती, यात खोटं काही नाही. पण ती कशी केली? पेट्रोलचा भाव चढता धरला, विजेचा आहे तिथेच ठेवला. वर्षाचं रनिंग होतं त्याहून जास्त लिहिलं, कारण जास्त लिहिलं की बचत जास्त दिसते. आठ-दहा वर्षांनी गाडी विकायला काढली तर काय येईल, ती जागा कोरी सोडली. जिथून नको ते उत्तर येण्याची शक्यता होती, तिकडे मी फिरकलोच नाही. इलेक्ट्रिक गाडी लांबच्या हिशोबात खरोखर किती पडते, हा प्रश्न म्हणूनच आता पुन्हा विचारावासा वाटतो. विकणाऱ्याला नंतर विचारू, सरकारला नंतर. आधी स्वतःला.

आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. रेवदंडा-अलिबाग रस्त्यावर पुढे एखादी जुनी मिनिडोर रिक्षा धूर सोडत चालली असली की मला मनातून बरं वाटायचं. आपण त्यातले नाही, आपल्या गाडीला धूरच नाही. त्या मिनिडोरमध्ये माणसं दाटीवाटीनं बसलेली असायची. पाट्या घेऊन बाजाराला निघालेल्या बायका, मुलाला सिव्हिल हॉस्पिटलात नेणारी आई, कॉलेजची पोरं. माझ्या गाडीत मी एकटा. तरी चांगुलपणा माझ्या बाजूला आहे, हे मी कशावरून धरलं होतं? धूर दिसत नाही, एवढ्यावरून?

पैशापासून सुरुवात करतो, कारण पैशाच्या बाबतीत स्वतःला फसवणं मला सर्वांत सोपं गेलं. ढोबळ आकडे असे. पेट्रोल शंभरीच्या वर आहे. लिटरला पंधरा-सोळाचं ॲव्हरेज देणारी गाडी किलोमीटरला साडेसहा रुपये खाते. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटवर सहाएक किलोमीटर जाते; घरी चार्ज केली तर किलोमीटरला सव्वादोन ते पावणेतीन रुपये पडतात. म्हणजे किलोमीटरमागे पावणेचार रुपयांच्या आसपास वाचतात. वर्षाला बारा हजार किलोमीटर धरले तर पंचेचाळीस हजार. हा आकडा मला तोंडपाठ होता, भेटेल त्याला ऐकवत होतो.

पण गाडी घेताना तीन-चार लाख जास्त मोजलेले असतात, त्यांचं काय? चार लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला अठ्ठावीस हजार व्याज आलं असतं. पंचेचाळीसमधून अठ्ठावीस वजा केले की उरतात सतरा. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, टायमिंग बेल्ट नाही, ब्रेक पॅड जास्त टिकतात, हे खरं. बॅटरीच्या वजनानं टायर लवकर झिजतात, हेही खरं. थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात इलेक्ट्रिक गाडीला १५ टक्के सूट आहे, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा तिच्या किमतीवर ठरतो आणि किंमत जास्त आहे. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे आज घेणाऱ्याला दोन्हींतला फरक आणखी जाणवेल. सगळं धरूनही थोडा फायदा उरतो, हे मी नाकारत नाही. पण मी ज्या छातीठोकपणे सांगत होतो, तेवढा तो नाही. जो टॅक्सीसाठी वर्षाला तीस-चाळीस हजार किलोमीटर गाडी चालवतो, त्याचं गणित वेगळं. मी त्याचं गणित माझ्या नावावर खपवत होतो.

विजेचंही तसंच. आमच्या घराचं बिल महिन्याला दोनशे युनिटांच्या आत-बाहेर असायचं. महिन्याला हजार किलोमीटर गाडी चालली तर दीडशेहून जास्त युनिटं वाढतात आणि महावितरणचा ३०० चा टप्पा ओलांडला जातो. त्यापुढचं प्रत्येक युनिट चढ्या दरानं. गाडीची वीज वरच्या दरानं येते आणि मी मात्र ती सरासरी दरानं मोजत होतो. बॅटरीची हमी साधारणपणे आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांतलं जे आधी होईल ते. बारा हजारांच्या हिशोबानं आठ वर्षांत होतात ९६ हजार. म्हणजे किलोमीटर शिल्लक असतानाच वर्षं संपतात. आणि चार लाखांना पंचेचाळीस हजारांनी भागलं तर, व्याज सोडून दिलं तरी, जादा पैसे भरून निघायला नऊएक वर्षं लागतात. पैसे वसूल होतात न होतात तोच हमी संपलेली. हे गणित अवघड आहे का? शाळेतल्या मुलाला जमेल. मग मला ते इतक्या उशिरा का जमलं?

समुद्राच्या काठावर राहण्याचा खर्चही त्यात धरायला हवा. खाऱ्या वाऱ्यानं खिडकीचे गज गंजतात, टीव्हीच्या केबलची टोकं हिरवी पडतात, तिथे चार्जिंगच्या पॉइंटला वेगळा न्याय कसा मिळेल? पॉइंट बसवायला वायरमन आला तेव्हा त्यानं आधी अर्थिंगचा खड्डा उकरला. तांब्याची पट्टी हिरवीगार झालेली, नट-बोल्ट बोटानं चुरडावा इतका गंजलेला. चार्जर लावून पाहिला तर लाल दिवा. अर्थिंग नीट नसेल तर चार्जर चालूच होत नाही. मग नवा खड्डा खणला, प्लेट उभी केली, कोळसा आणि मिठाचे थर दिले, वर पाणी ओतायला पाइप ठेवला. लोड वाढवून घेतला, ते वेगळंच. या सगळ्या खर्चावर मी कुरकुर करत होतो आणि वायरमन सहज म्हणाला, "काका, इतकी वर्षं तुमचा गिझर आन् पंप विनाअर्थिंगच चालू होते."

त्या वाक्यानं मी गप्प झालो. माझी आई त्याच पंपाचं बटण ओल्या हातानं दाबायची. बायको त्याच गिझरखाली भांडी घासायची. त्यांच्यासाठी मी कधी खड्डा उकरून पाहिला नव्हता. गाडीनं नकार दिला तेव्हा मी जागा झालो. माणसांनी नकार दिला नाही, म्हणून त्यांचा विचार केला नाही. वस्तूची काळजी आपण तिच्या किमतीवरून घेतो, हे खरं असेल तर माझ्या घरातल्या माणसांची किंमत मी काय लावली होती?

पुढची कबुली रनिंगची. किलोमीटर स्वस्त झाले तसे ते वाढले. पूर्वी पनवेलला काम निघालं की सकाळची एसटी पकडायचो. मुंबईला जायचं तर मांडव्याहून लाँच किंवा २०२० मध्ये सुरू झालेली रो-रो बोट. अलिबागच्या बाजारातून काय काय आणायचं याची यादी व्हायची आणि सगळी कामं एका फेरीत उरकायची. आता एक औषध राहिलं की काढली गाडी. संध्याकाळी जरा बरं वाटत नाहीये, काढली गाडी, किहीमपर्यंत गेलो, आलो. "काय, दोन रुपये तर पडतात किलोमीटरला." पेट्रोलच्या खर्चानं माझ्यावर जो लगाम होता तो मी संयम समजत होतो. खर्च कमी झाल्यावर कळलं, तो संयम माझा नव्हताच.

हायवेवरच्या फास्ट चार्जरवर तर माझं मन अगदी उघडं पडतं. बॅटरी ऐंशी टक्क्यांवर गेली की चार्जिंग मंदावतं; शेवटच्या वीस टक्क्यांना ताटकळावं लागतं. मला घरी पोचायला ऐंशी पुरतात. मागे एखादं कुटुंब मुलांना घेऊन थांबलेलं दिसतं. तरी मी फोनमध्ये डोकं घालून बसतो आणि शंभर होऊ देतो. नजर वर केली तर उठावं लागेल, म्हणून करत नाही. पैसे मी भरतोय ना? हा प्रश्न मी स्वतःला विचारतो आणि त्याला उत्तर म्हणून वापरतो.

आता धुराकडे येऊ. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार आपल्या देशातल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण आपली बहुतेक वीज अजून कोळशावर होते. सहा किलोमीटरला एक युनिट, म्हणजे किलोमीटरला एकशेवीस ग्रॅमच्या आसपास. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो, पंधरानं भागलं तर किलोमीटरला दीडशे ग्रॅम, शिवाय तेल शुद्ध करून पंपापर्यंत आणण्याचा वाटा वेगळा. फरक आहे, पण मी मानत होतो तसा शून्य आणि दीडशे असा नाही. आणि बॅटरी तयार होतानाच जो कार्बन सुटतो तो गाडी दारात येण्याआधीच खात्यावर पडलेला असतो. आता एसटीचं पाहा. जुनी डिझेल एसटी किलोमीटरला सहाशेएक ग्रॅम सोडते असं धरलं आणि तीस माणसं बसली आहेत असं धरलं, तर माणशी वीस ग्रॅम. मी एकटा, बिनधुराच्या गाडीत, एकशेवीस. ज्या एसटीच्या धुराला मी नाक मुरडत होतो तिच्यातला प्रत्येक प्रवासी माझ्यापेक्षा सहापट हलका होता. हे आकडे मांडायला पंधरा मिनिटं लागली. ती पंधरा मिनिटं मी इतके दिवस का दिली नव्हती?

तो कोळसा जळतो कुठे? आमच्या अलिबाग तालुक्याला हा प्रश्न नवा नाही. खारेपाटात शहापूर-धेरंडला औष्णिक वीज प्रकल्प होणार म्हणून जमिनी घ्यायचं ठरलं तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला. याच खारेपाटात १९३३ ते १९३९ असा चरीच्या शेतकऱ्यांचा संप नारायण नागू पाटलांनी चालवला होता. नमतं घेणारी ही माती नव्हे. धेरंडला ते वीज केंद्र उभं राहिलं नाही. मला तेव्हा समाधान वाटलं होतं, आजही वाटतं. भातशेती, मासळी, खाडी वाचली. पण रात्री मी गाडी चार्जिंगला लावतो ती वीज कुठून येते? राज्याचं सर्वांत मोठं सरकारी औष्णिक केंद्र चंद्रपूरला आहे, २९२० मेगावॅटचं. माझ्या तारेतला करंट नेमका कुठला हे सांगता येत नाही, पण ग्रिडमध्ये त्याचा वाटा आहेच. जी राख माझ्या खाडीत नको, ती चंद्रपूरच्या माणसाच्या अंगणात मला चालते का? मी असं कधी म्हटलं नव्हतं. पण वागत तसाच होतो.

कोणी म्हणेल, आपल्या जिल्ह्यात पाण्यावरची स्वच्छ वीज आहे. आहे. खोपोली, भिवपुरी, भिरा ही टाटांची जलविद्युत केंद्रं रायगडातच. १९२७ साली सुरू झालेल्या भिऱ्याला पाणी येतं सह्याद्रीच्या वरून, मुळशीच्या धरणाचं. त्या धरणाखाली मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ ते १९२४ सत्याग्रह झाला, पांडुरंग महादेव बापटांना लोक सेनापती म्हणू लागले ते त्यातूनच. वीज मुंबईला गेली, गावं पाण्याखाली गेली. शंभर वर्षांपूर्वीचा तो खर्च कुठल्या बिलात दिसतो? विजेचा एकही प्रकार असा नाही की ज्याची किंमत कुणीतरी, कुठेतरी मोजलेली नाही. मला ती मोजावी लागली नाही, एवढाच काय तो माझा पुण्यसंचय.

सवलतींबद्दलही मन स्वच्छ करायला हवं. माझ्या गाडीवर जीएसटी ५ टक्के. राज्यात मोटार वाहन कर माफ. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेल्या, पावणेबावीस किलोमीटरच्या अटल सेतूवर पेट्रोलच्या मोटारीला एकेरी २५० रुपये टोल. ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रिक मोटारीला तो माफ. मी फुकट जातो तेव्हा खूश असतो. पण रस्ता मी इतरांइतकाच वापरतो, आणि माझी गाडी वजनानं त्यांच्याहून जड आहे. नवी मोटार घेण्याची ऐपत असलेल्या माणसाला ही सूट, आणि जो मिनिडोरच्या मागच्या फळीवर बसून जातो त्याला काय? नवं तंत्रज्ञान रुजावं म्हणून सरकार सूट देतं, त्यात काही गैर नाही. पण ती माझ्या सद्गुणाला मिळालेली बक्षिसी आहे, असं मी समजत होतो. ती लोकांनी माझ्यावर ठेवलेली उधारी आहे, असं समजलो तर माझं वागणं बदलेल का?

मग काय, पेट्रोलचीच गाडी घ्यायला हवी होती? तसं मला वाटत नाही. पेट्रोलच्या गाडीचा धूर वयानुसार वाढतो. इलेक्ट्रिक गाडीचं उलट होऊ शकतं. ग्रिडमध्ये सूर्याची आणि वाऱ्याची वीज जसजशी वाढेल तसतशी तीच जुनी गाडी काही न करता अधिक स्वच्छ होत जाईल. बॅटरीही स्वस्त होत आहे. २०१० च्या सुमाराला किलोवॅट-अवरला हजार डॉलरच्या वर असलेला बॅटरी पॅक २०२४ मध्ये सरासरी ११५ डॉलरवर आला. म्हणजे दहा वर्षांनी बॅटरी बदलायची वेळ आलीच तर ती आजच्याइतकी भारी पडणार नाही. पण याच्यात एक अट दडलेली आहे. गाडी तोवर माझ्याकडे हवी. बॅटरीचा कार्बन सुरुवातीलाच सांडलेला, पैसे सुरुवातीलाच दिलेले. दोन्हींची फेड फक्त वर्षांनी होते. आणि वर्षं थांबणं, हेच माझ्या स्वभावात नाही. फोन चालत असताना मी फोन बदलतो. नव्या मॉडेलची रेंज किती, हे मी अजूनही रात्री पाहत बसतो.

थांबणं कसं असतं, ते खरं तर जवळच दिसलं होतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं. मुरूड-श्रीवर्धनकडच्या वाड्या आडव्या झाल्या, खांब पडले, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. त्यानंतर ज्यांनी पुन्हा पोफळी लावल्या त्यांना ठाऊक होतं की सुपारी हाती यायला सहा-सात वर्षं जाणार. त्यांनी पाणी घालायला सुरुवात केली. मला चार वर्षांत वसुली हवी होती आणि ती दिसेना म्हणून मी आकडे वाकवले. कोकणात राहून मला एवढंही शिकता आलं नाही?

याच जिल्ह्यात माथेरानला माणूस माणसाला हातरिक्षात बसवून ओढत होता. तिथे ई-रिक्षा आल्या, आणि ६ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. बॅटरी तीच, मोटर तीच. तिथे तिनं माणसाच्या खांद्यावरचं ओझं घेतलं. माझ्याकडे तिनं कशाची जागा घेतली? काही ठिकाणी पेट्रोलची, ते चांगलं झालं. काही ठिकाणी एसटीच्या सीटची. काही ठिकाणी कशाचीच नाही. त्या फेऱ्या पूर्वी नव्हत्याच. गाडी चांगली की वाईट, या प्रश्नापेक्षा हा प्रश्न मला जास्त प्रामाणिक वाटतो, कारण त्याचं उत्तर फक्त मलाच देता येतं.

इथपर्यंत आल्यावर एक पेच समोर येतो. पैसे वसूल करायचे तर गाडी जास्त पळवायला हवी. हवेचा विचार करायचा तर कमी. दोन्ही एकाच वेळी होत नाही, आणि मी इतके दिवस दोन्ही होतंय असं सांगत होतो. यातून वाट असलीच तर ती मला एकच दिसते: वसुली सोडून द्यायची. गाडी गरजेपुरती चालवायची आणि चालेल तितकी वर्षं ठेवायची, हमी संपल्यावरही. रेंज कमी झाली तर अलिबाग-पेणपुरती वापरायची. एकट्यानं पनवेल असेल तर एसटी. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, पण ती भंगारवाल्याच्या हाती न जाता योग्य ठिकाणी पोचली की नाही हे पाहणं मालक म्हणून माझ्याकडेच राहतं.

यातलं किती माझ्याच्यानं होईल, याची खात्री नाही. दुप्पट रेंजची गाडी शेजारच्या दारात उभी राहिली की मन पुन्हा आकडे शोधायला निघेल, हे मला ठाऊक आहे. तरी एक गोष्ट आता निदान बोलता येते. ही गाडी मला महाग पडली आहे आणि आणखी काही वर्षं पडणार आहे. ते पैसे परत यावेत ही अपेक्षा मी सोडली तर ती माझी निवड ठरेल. नाही सोडली तर तो सौदा होता, आणि सौद्यात तोटा झाला म्हणून रडायचा किंवा फायदा झाला म्हणून मिरवायचा अधिकार असला, तरी त्याला चांगुलपणा म्हणण्याचा मला अधिकार नाही.